चुकवलेला सलाम

ऑफिसला चालत जाताना मानक नगरच्या वळणावर तो मला रोज दिसायचा. स्वारी सायकलवर, आणि डोक्यात स्कूटरवाल्यांचं तोंड झाकणारं हेल्मेट! नव्वदच्या दशकातल्या लखनौत स्कूटरवालेसुद्धा हेल्मेट हँडललाच अडकवत, त्यामुळे पोरं त्याला हसत. मला मात्र तो शहाणा वाटायचा. एकदा तो घसरलेली चेन बसवत असताना मी त्याची सायकल धरली होती, तेवढीच आमची ओळख. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पण तेव्हापासून मी दिसलो की तो एका हाताने हेल्मेट उपसून काढायचा आणि मान झुकवून म्हणायचा, "आदाब, साहब!" तेही नेमकं त्या वळणावर, जिथे मागून ट्रक येत. सायकल डगमगायची.

शेवटी मी त्याला थांबवलंच. "भैया, सलाम रहने दीजिए, हेल्मेट मत उतारिए."

तो ओशाळून हसला. "पहनते तो बीवी की क़सम पर हैं, साहब. मगर मुँह छिपाकर सलाम? इतने बदतमीज़ हम नहीं."

दुसऱ्या दिवसापासून तो लांबून दिसला की मी पानाच्या टपरीकडे तोंड करून उभा राहू लागलो. पाठीमागे चेनची करकर जवळ यायची, क्षणभर मंदावायची, मग पुढे जायची. या मराठी साहेबाला भलताच माज आलाय, असं त्याला वाटत असणार. वाटू दे. तो वळण पार करून गेला की मगच मी वळून बघायचो.

हेल्मेट डोक्यात असायचं.