मायेने जमलेले मासे

आमच्या हॉलमध्ये माझा पाण्याखालचा एक फोटो आहे. काल शेजारच्या काकू त्याच्यासमोर थबकल्या. "अगंबाई, किती मायेने जमलेत हो मासे तुमच्याभोवती!"

माया कसली डोंबलाची! मालवणला मला पाण्याखाली नेणाऱ्या आबांनी होडीतच विचारलं होतं, "फोटोत मासे होये मां?" मी हो म्हणालो. खाली गेल्यावर त्यांनी खडकाला चिकटलेला एक काटेरी, गोल जीव उपटला आणि सुरीने माझ्यापुढे फोडला. क्षणात मासे तुटून पडले. एकमेकांना ढकलत त्यांनी त्याची आतडी ओढून काढली. अर्ध्या उरलेल्या कवचावरचे काटे तरीही हलत होते, कुणाला तरी दूर सारत असल्यासारखे. पाण्याखाली किंकाळी ऐकू येत नाही, म्हणून तर आपण शांतता शोधायला समुद्राकडे जातो.

आबांनी कॅमेरा रोखला आणि बोटांनी विचारलं, सगळं ठीक ना? मी नुसता 'नको' असा हात हलवला असता तरी ते थांबले असते.

तो फुटका जीव चौकटीबाहेर राहिला. फोटोत मासे आहेत, आणि मधोमध माझा हात आहे. अंगठा आणि तर्जनी जुळवून मी सांगतोय, सगळं ठीक आहे.