वर एकदा लिहिलं की झालं

"वर एकदा लिवलंय न्हवं? मग खाली सारखं सारखं कशाला?"

हे म्हणताना आप्पांचं बोट छताकडे जायचं. नवीन माणूस बिचारा पंख्याकडे बघत बसायचा. आम्हाला माहीत होतं, की बोट पंख्याकडे नसून टिपणाच्या पहिल्या ओळीकडे आहे.

शिरूरला आमचं तीन टेबलांचं ऑफिस. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांच्या नळयोजनांचे सर्व्हे करायचे आणि पाइपलाइनचे नकाशे काढायचे, हे काम. मी शिक्रापूरहून एसटीने यायची, आप्पा भांडगावहून मोटरसायकलवर, पारगावचा पूल ओलांडून. नोकरीला लागले तेव्हा मला माउस नीट धरता येत नव्हता. आप्पांनी शिकवलं, आणि एकदाही कपाळावर आठी नाही. पण मी एकच गोष्ट दोनदा लिहिली की मात्र त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

तुमच्याही ऑफिसात असेलच असा एखादा. बोलणं आखडतं, काम चोख. घरी फोन लावून "निघालो" एवढं म्हणून ठेवून देणारा. काकूंनी पुढे काही विचारलंच, तर "निघालो म्हंजी निघालो" असं म्हणून वर आमच्याकडे साक्षीदार म्हणून बघणारा.

प्रत्येक गावाच्या कामाचं एक टिपण असायचं. साधं, नोटपॅडमधलं. ना रंग, ना ठळक अक्षरं. "ही फाइल कुठल्याबी मशीनवर उघडल," असं आप्पा अभिमानाने सांगायचे. एकेका गावाचे शंभर-सव्वाशे नकाशे होतात, कारण आज देऊळ आडवं येतं, उद्या कुणाची भावकी. त्यातला कुठला नकाशा रद्द आणि कुठल्या नकाशाप्रमाणे पाइप खरोखर जमिनीत गेला, हे फक्त टिपणात असायचं. आणि तिथे प्रत्येक ओळीत त्या नकाशाच्या फाइलचा अख्खा पत्ता. ड्राइव्ह, त्यात कामे, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात नकाशे, त्यात सुधारित, त्यात अंतिम, त्यात 'खरंच अंतिम'. हो, असं फोल्डर होतं आमच्याकडे, आणि ते मीच केलं होतं. पत्ता दीड ओळीचा आणि मुद्दा चार शब्दांचा. वाचणाऱ्याचे डोळे पत्त्यातच दमायचे.

आप्पांनी त्याला तोड काढली. टिपणाच्या डोक्यावर तो लांबलचक पत्ता एकदाच लिहायचा आणि त्याला छोटं नाव द्यायचं. खाली फक्त ते नाव आणि नकाशाचा नंबर. नावं मात्र आप्पांच्या मनाची. एका फोल्डरचं नाव 'बाभळ', एकाचं 'सासुरवाडी', एकाचं 'थंडगार'. मी विचारलं, "आप्पा, गावाचंच नाव का नाही देत?" तर म्हणाले, "गावात चार योजना हायेत. कंचं गाव? मला कामाची जागा आठवती, गाव न्हाई."

एकदा ऑफिसात नवीन मशीन आलं आणि पत्त्याच्या सुरुवातीचं ड्राइव्हचं अक्षर बदललं. सगळ्यांच्या टिपणांतले पत्ते एका फटक्यात खोटे पडले. आम्ही बाकीचे आठवडाभर पत्ते दुरुस्त करत बसलो. आप्पांनी प्रत्येक टिपणाची वरची ओळ बदलली, हात झटकले आणि दहाच्या चहाला गेले. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांचे चेले झालो.

पण माणूस थांबला नाही. अशा वरच्या ओळी वीस टिपणांत वीस ठिकाणी पसरलेल्या, हेही त्यांच्या डोळ्यांत सलायला लागलं. मग त्यांनी सगळ्या छोट्या नावांची एकच यादी केली, आपल्या मशीनवर ठेवली आणि टिपणांतल्या वरच्या ओळी पुसून टाकल्या. मी म्हटलं, "आप्पा, यादीची एक प्रत माझ्याकडे ठेवते."

"दोन ठिकाणी ठिवली की दोन्हीत फरक पडतो, ताई. मंग खरी कंची?"

बोलणं खरं होतं. मी गप्प बसले. आजही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

माघात आप्पांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. साहेबांनी दीड महिना वाट पाहिली आणि त्यांच्या जागी माणूस घेतला. त्याला मशीन हवं होतं. आप्पांची टिपणं मी जपून माझ्याकडे उतरवून घेतली आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "मारा फॉरमॅट." यादी टिपणांसोबत नव्हती, दुसरीकडेच कुठेतरी होती. हे माझ्या लक्षात आलं ते आठवड्याने, आणि तेव्हा त्या मशीनवर नवीन माणूस मजेत नकाशे काढत होता. दुरुस्तीवाल्याने पुन्हा येऊन तासभर खटपट केली आणि मान हलवली. मी ऑफिसात कुणाला काही बोलले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर दौंड तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. रस्ता रुंद होणार, सोमवारी जेसीबी लागणार, तुमची मेन लाइन नक्की कुठून गेलीय ते सांगा. लाइन फुटली की अख्ख्या गावाचं पाणी बंद. मी टिपण उघडलं. आप्पांनी स्वच्छ लिहिलं होतं: 'थंडगार/९ प्रमाणे टाकली. बाकीचे नकाशे खोटे.'

त्या गावाची अकरा फोल्डरं होती आणि नऊ नंबरचा नकाशा अकराही फोल्डरांत. गावातल्या जुन्या माणसांनी लाइनच्या तीन जागा दाखवल्या आणि आपसांत भांडण काढलं.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन भांडगावला गेले. आप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते. मला बघून चेहरा फुलला. टिपण समोर धरलं तर ओळीवरून त्यांचे डोळे भराभर फिरले. वाचता येत होतं, आठवतही होतं, मला स्पष्ट दिसत होतं.

"आप्पा, थंडगार म्हणजे यातलं कुठलं?"

"तेच," आप्पा म्हणाले.

मी हरखले. पहिलं फोल्डर उघडलं. "हे?"

"तेच."

नकाशा नीट दाखवला, खात्री म्हणून दुसरं उघडलं. "का हे?"

"तेच. तेच."

काकू दारात उभ्या होत्या. "ताई, त्येवढा एकच शब्द ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "पान्याला बी त्योच, मला बी त्योच. मान बी कवा व्हयला हालती, कवा न्हाईला."

तरी मी अकराही फोल्डरं दाखवली. वेडी आशा. पाचव्यापाशी त्यांचा डावा हात पडद्याकडे आला, आठव्यापाशीही आला. आपल्या तोंडून भलतंच बाहेर पडतंय हे त्यांना ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी खुर्चीच्या दांडीवर हात आपटला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी लॅपटॉप मिटला.

अंदाजाने पाचव्या फोल्डरमधला नकाशा पाठवला. सोमवारी साडेअकराला लाइन फुटली. गावात पंधरा दिवस टँकर. साहेब म्हणाले, आप्पांच्या टिपणांनी घात केला. मी तिथेही गप्प.

दोन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. मग एका रविवारी पुन्हा भांडगावला गेले, या वेळी मोकळ्या हाताने. काकू आत चहा टाकत होत्या. मी खाली ओट्यावर बसले आणि सांगून टाकलं. मशीन मी पुसायला दिलं. यादी माझ्यामुळे गेली. लाइन फुटली ती माझ्यामुळे, आणि नाव तुमच्यावर आलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"तेच," ते म्हणाले. अगदी हळू.

माफ केलं, की मलाच दोष दिला, की नुसतंच पाणी मागितलं, काही कळलं नाही. मी वर बघितलं तर ते उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "हो, आप्पा."

वैशाखात ते गेले. मी काय कबूल केलं, ते मला अजून माहीत नाही.