सहज लावल्ता फोन

माझ्या साडूंइतका भला माणूस अंबडमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका दचकवणारा माणूस तर सबंध जालना जिल्ह्यात नसेल. साप, विंचू आणि वरच्या साहेबांची अचानक तपासणी या तिघांनी मिळून मला जन्मात जेवढं घाबरवलं नाही, तेवढं या एका माणसानं चार महिन्यांत घाबरवलं. आणि तेही का, तर माझा दिवस चांगला जावा म्हणून!

माझी बदली अंबडला झाली आणि खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याकडे उतरलो. साडू कोर्टात पट्टेवाले होते. खटला निघाला की दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणूस निवृत्त झाला होता, आवाज नव्हता झाला. पहिल्याच सकाळी मी मोरीत दात घासत होतो, तोच अंगणातून माझ्या नावाचा पुकारा झाला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकदा, दोनदा, तीनदा. समोरच्या पिंपळावरचे पारवे उडाले. मी तोंडात फेस, कमरेला टॉवेल अशा अवस्थेत बाहेर धावलो. म्हटलं, घराला आग लागली, नाहीतर माझ्यावर वॉरंट निघालं. साडू कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुळशीजवळ उभे. म्हणाले, "काई न्हाई, साडूभाऊ. ऊन बघा किती चांगलं पडून राह्यलंय. तुमी मोरीत व्हते, म्हणलं चुकंल तुमचं." माझ्या छातीतली धडधड मी ऑफिसात पोचलो तरी थांबली नव्हती.

तो इस्त्रीचा शर्ट हेही एक प्रकरणच होतं. साडूंना कुठेही जायचं नसे. तरी ते रोज अंघोळ करून लग्नाला निघाल्यासारखे नटत आणि पोहे खायला बसत. "लोक दुसऱ्याच्या लग्नात चांगले कपडे घालतेत," ते म्हणत, "मंग आपल्या घरच्या पोह्यांनी काय घोडं मारलंय?" काचेच्या कपाटातला ठेवणीतला टी-सेट त्यांनी असाच एका सोमवारी बाहेर काढला. कोणी पाहुणा नाही, सण नाही. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ते पाहून दाराची चौकट धरून उभ्याच राहिल्या. त्यांच्या लग्नात आलेला तो सेट आजवर कोणाच्या ओठाला लागला नव्हता. आणि नशीब असं, की त्याच दिवशी एक कप साडूंच्या हातून पडून फुटला. मी डोळे मिटले. आता पृथ्वी दुभंगणार! साडू शांतपणे तुकडे गोळा करत म्हणाले, "ह्यानं निदान चहा तरी पाहिला. बाकीचे बसल्या जागी म्हातारे झाले." ताई त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र चहा त्याच सेटमधून आला, आणि या खेपेला मी दाराची चौकट धरली.

रोज एका माणसाचं तोंडावर कौतुक करायचं, हा त्यांचा आणखी एक नेम. ऐकायला हे गोड वाटतं. ज्याचं कौतुक होई त्याला विचारा. आपल्याकडे कारणावाचून कोणी चांगलं बोललं की माणूस आधी खिसा चाचपतो. शेजारच्या टेलरचाचांना साडू एकदा म्हणाले, "चाचा, तुमच्या मशीनचा आवाज लई गोड हाये." चाचा घाबरले. "क्या हुआ? आवाज कर रही क्या?" म्हणत त्यांनी मशीन उलटी केली, तेल घातलं, पट्टा बदलला, आणि ती दिवसभर बंद ठेवली. बसस्टँडवरच्या हवालदाराला त्यांनी, "साहेब, मिशी लई शोभून राह्यली तुम्हाला," असं सांगितलं, तर त्यानं आम्हा दोघांना बाजूला घेऊन पिशव्या उघडायला लावल्या. आत मेथीची जुडी आणि पपई. परत येताना मी शरमेनं वर बघत नव्हतो. साडू मात्र खूश. "बघितलं का? जाताना पीळ देत व्हता मिशीला."

पण सगळ्यांत भयंकर होता तो बिनकामाचा फोन. रोज पहाटे ओळखीतल्या एकाला फोन लावायचा आणि, "काई काम न्हाई, सहज लावल्ता," असं म्हणायचं. आता आमच्या भागात पहाटे फोन वाजला की घरातली बाई आधी देवासमोर हात जोडते आणि मग फोन उचलते. साडूंच्या या सहजपणामुळे किती नातेवाइकांचं रक्त आटलं असेल, देव जाणे. तीर्थपुरीच्या त्यांच्या मावसभावानं तर मला हात जोडून सांगितलं, "त्यांना म्हणा, काई तरी काम काढत जा. बिनकामाचं ऐकलं की पाय कापतेत माझे."

एका सकाळी ताईंचा संयम सुटला. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "गावभर बिनकामाचे फोन करता, मंग पोरीच्या सासरी काऊन लावत न्हाई? तिथं का हात धरलाय तुमचा कुणी?"

साडूंचा घास हातातच राहिला. त्यांची एकुलती एक लेक धावड्याला दिलेली. लग्नात व्याह्यांना जो मानाचा फेटा बांधला, त्याचा रंग घामानं उतरला. गुलाबी रंग कपाळावरून गालांवर, गालांवरून कॉलरवर! अल्बममधल्या प्रत्येक फोटोत व्याही रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसतात. मुद्दाम हसं केलं म्हणून ते जे रुसले, ते अंबडची वाट विसरले. लेक दोन दिवाळ्या माहेरी आली नव्हती. आई-लेकी फोनवर बोलत, पण चोरून, हळू आवाजात. मला हे सगळं त्या दिवशी कळलं आणि ज्या माणसाला मी निव्वळ वल्ली समजत होतो, त्याच्याकडे मी बघतच राहिलो. 

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना त्यांनी व्याह्यांना फोन लावला. मी समोरच होतो. "अंबडहून बोलून राह्यलो," एवढं ते म्हणाले आणि पुकाऱ्याचा तो आवाज एकाएकी दाटला, पुढे शब्दच फुटेना. तेवढ्यात फोन कट झाला. मग कितीदा लावला, पण धावड्याला रेंज लागेना. "जाऊ द्या," म्हणून ते पपई कापायला बसले.

उन्हं चांगली वर आली आणि दारात जीप करकचून थांबली. आतून रडण्याचा असा काही गलका उठला की मी उठून उभाच राहिलो. साडूंची लेक पदर सावरत, "आई गं! माझे आई!" म्हणून धाय मोकलून आत धावली, आणि स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभ्या असलेल्या आईवर आदळली. क्षणभर दोघीही दगड झाल्या. मग लेकीनं आईचे गाल चाचपले, दंड चाचपले आणि ती खालीच बसली. "पोरी, काय झालं गं?" ताई विचारत होत्या. काय झालं ते माझ्या ध्यानात आलं आणि मी भिंतीला टेकलो. पहाटेचा फोन, अंबडचं नाव, दाटलेला गळा. धावड्याच्या मंडळींनी ताईंना सरळ पोचवून टाकलं होतं!

दारात व्याही उभे होते. हातात जालन्याच्या बाजारातून घेतलेला झेंडूचा मोठा हार. त्यांनी ताईंकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. तोंड उघडलं ते उघडंच.

"पाव्हणे," शेवटी त्यांना वाचा फुटली, "फोन कशापायी केल्ता मंग?"

"काई काम न्हाई," साडू म्हणाले. "सहज लावल्ता."

"सहज?"

"लई दिवस झाले बोललो न्हाई. तुम्ही रागात, मी लाजेत. म्हणलं, एकदा बोलावं."

व्याह्यांचा चेहरा लाल होऊ लागला, आणि या खेपेला फेट्याचा दोष नव्हता. आता हा माणूस पोरीला घेऊन उलटा फिरणार, कायमचा, असं मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात साडूंनी भलतंच केलं. ते पुढे झाले, व्याह्यांच्या हातातला तो हार घेतला आणि व्याह्यांच्याच गळ्यात घातला! मयताचा हार, जित्या व्याह्याच्या गळ्यात! ताईंनी कपाळावर हात मारला. जावई जीपजवळ थिजले. साडू वाकले आणि पायाला हात लावून म्हणाले, "तवाचा मान राहिल्ता. घ्या."

आणि मग धावड्यापासून रडत आलेल्या विहीणबाईंना हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "आवं, पुन्हा फोटो काढा रे कुणी तरी," त्या म्हणाल्या, "आज रंग न्हाई उतरला!" व्याही बायकोवर खेकसणार होते, पण खेकसता खेकसता त्यांचेही खांदे हलायला लागले. त्यांनी डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की वाटभर आवरलेलं, ते मला कळलं नाही. दुपारी सगळे एका पंगतीला जेवले. व्याही हार न काढता जेवले. जाताना म्हणाले, "पोरगी लई भ्यालीये. राहू द्या आठ दिवस आईपाशी."

त्या आठ दिवसांत घराचा आवाजच बदलला. लेक हसे, ताई गुणगुणत, साडू नुसते हिच्याकडून तिच्याकडे बघत. मग जावई न्यायला आले. सकाळपासून मी साडूंवर नजर ठेवून होतो. दिवस चांगला करायच्या इतक्या युक्त्या ज्याच्याजवळ, तो या दिवसासाठीही काहीतरी काढणार आणि आम्ही सगळे पुन्हा दचकणार, या भीतीनं. पण त्यांनी काहीच केलं नाही. लेक पाया पडली, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. जीप बाजाराच्या वळणाला दिसेनाशी झाली.

साडू ओट्यावर बसून होते. मी जवळ गेलो. न राहवून विचारलं, "साडूभाऊ, अशा दिवसाला काय करायचं असतं?"

ते रस्त्याकडेच बघत होते. "त्याचं काई सापडलं न्हाई अजून," ते अगदी हळू म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांच्याजवळ आहे हे मला तेव्हा कळलं.

मला ऑफिसला उशीर होत होता. तरी मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं ताई हात पुसत बाहेर आल्या आणि पलीकडे बसल्या. रस्त्यानं माणसं जात-येत होती, ऊन ओट्यावर चढत होतं, आणि आम्ही तिघं तसेच बसून होतो.