स्कोअर सांगायचा नाही

आमच्या टीमनं पुन्हा कोच बदलला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. पूर्वी वाटायचं. पूर्वी अशा बातमीवर मी दोन दिवस धुमसत असे आणि न विचारणाऱ्यालाही ऐकवत असे की चूक कोचची नाही, मालकाची आहे. आता खराडीत माझ्या कंपनीतही थोड्या थोड्या वर्षांनी नवा साहेब येतो, पडद्यावर वर जाणारे बाण दाखवतो आणि निघून जातो. तसंच हे. नव्या कोचनं आल्या आल्या सांगितलं की आपण बचावावर भर देणार. सगळेच सांगतात. बचाव कुणीच करत नाही.

आमची टीम म्हणायचं, पण ती अमेरिकेतली, बास्केटबॉलची. ते शहर मी पाहिलेलं नाही, आणि आता व्हिसाच्या रांगेत उभं राहून पाहायची हौसही उरलेली नाही. कॉलेजात असताना केबलवर त्यांची एक मॅच दिसली, ते वाईट हरले, आणि आम्ही दोघं त्यांचे झालो. दोघं म्हणजे मी आणि माझा मित्र. तो आमच्या कॉलेजच्या टीमचा कप्तान होता आणि मी बाकावर बसून त्याचा टॉवेल सांभाळत असे. हे मी विनोदानं म्हणत नाही, खरोखर सांभाळत असे.

तो मूळचा कर्वेनगरचाच, त्या भागाला लोक हिंगणे म्हणायचे तेव्हापासूनचा. शेतावर इमारती झाल्या, त्यातल्या एकीत त्याला फ्लॅट मिळाला, आणि वडिलांनी मार्केट यार्डात घेतलेल्या कांद्याबटाट्याच्या गाळ्यावर तो पदवी घेऊन जाऊन बसला. मॅच तिकडे रात्री असते, म्हणजे आपल्याकडे सकाळी. त्या वेळी तो लिलावात असायचा आणि मी खराडीच्या वाटेवर कुठल्यातरी सिग्नलला. म्हणून ठरलं की संध्याकाळी त्याच्या घरी बसून मॅच पहिल्यापासून पाहायची, आणि तोपर्यंत दोघांपैकी कुणीही स्कोअर ऐकायचा नाही. ऐकलाच तर सांगायचा नाही.

हे पाळणं सोपं नाही. टीव्हीवरचं ते ॲप उघडताच वरच्या कोपऱ्यात निकाल दाखवतं. त्यावर आमचा उपाय असा, की मी टीव्हीसमोर पेपर धरून उभं राहायचं आणि त्यानं अंदाजानं रिमोट दाबायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पहिल्यांदा हे पाहून बराच वेळ दारात उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या.

मॅच सुरू झाली की मतं सुरू. तो माणसांना मालासारखा पारखायचा. दोन मोठे खेळाडू महागात घेऊन बाकी भरताड भरलेल्या टीमला तो म्हणायचा, "पोत्याच्या तोंडाला मोठा बटाटा लावलाय, खाली समदा बारका." आणि ती टीम डिसेंबरपर्यंत कोसळायची. माझी मतं त्याच्याइतकी चटकदार नव्हती. मला एवढंच कळतं की हल्ली सगळे तीन गुणांच्या रेषेबाहेरून उठसूट मारत सुटतात, आत घुसायचे कष्ट नकोत. पायाला काही झालेलं नसताना विश्रांती घेतात. माझा गुडघा सात वर्षं दुखतोय, मला वारज्याहून खराडीला जाताना कुणी विश्रांती देत नाही. आणि ज्या टीमनं आपल्याला हरवलं तिच्यातच पुढच्या वर्षी जाऊन बसतात, वर हसऱ्या चेहऱ्यानं पत्रकार परिषद घेतात.

एक आमचा डावखुरा तेवढा कुठे गेला नाही. चांगल्या चांगल्या टीमांनी बोलावलं असेल, पण तो राहिला. म्हातारा झाला, पळणं मंदावलं, तरी शेवटच्या मिनिटाला बॉल त्याच्याच हातात द्यायचा हे चार कोच बदलले तरी बदललं नाही. माझा मित्र म्हणायचा, "ह्याला अक्कल न्हाय, म्हणून राहिला. आपल्यासारखा हाय."

मग मित्राच्या किडन्या गेल्या. साखर होतीच, त्यानं ती कधी मोजली नाही. आता आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळच्या पहिल्या बॅचला डायलिसिस. हृदयही कमजोर, म्हणून किडनी बदलण्याचं डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. गाळा धाकट्या भावाकडे गेला. जन्मभर बटाटा विकलेल्या माणसाला डॉक्टरांनी बटाटा बंद केला, आणि चहा घोटभर. माझा कप वहिनी स्वयंपाकघरातच द्यायच्या, म्हणजे त्याच्यासमोर प्यायला नको.

तब्येत विचारायला येणाऱ्यांचा त्याला भयंकर वीट होता. नातेवाईक शहाळी घेऊन यायचे, जी त्याला चालत नव्हती, आणि चेहरे पाडून बसायचे. तो त्यांना "बरी हाय, बरी हाय" म्हणत दारापर्यंत पोचवायचा. हळूहळू लोक यायचे थांबले. मी मात्र मॅच बघायला यायचो. मला तो दारातच विचारायचा, "ऐकला न्हाईस ना स्कोअर?" आणि मी नाही म्हटलं की आत घ्यायचा. आमच्यात किडनी हा शब्द कधी निघाला नाही.

याच काळात त्याला एक सिद्धी प्राप्त झाली. खेळात पुढे काय होणार हे तो आधीच सांगू लागला. "बघ, आता कोच टाइमआउट घेणार." घ्यायचा. "हा उंच पोरगा पाचवा फाउल करून बसणार बघ." बसायचा. मी थक्क. आणि खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटायचा. इतकी वर्षं मीही तेच पाहत होतो, मग मला का दिसत नाही? एकदा मी त्याला म्हटलं, "तू यार्डात फुकट गेलास. कोच व्हायला हवा होतास." त्याला हे फार आवडलं. वहिनींना हाक मारून त्यानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

एका शुक्रवारी वहिनींना ताप होता, म्हणून मी उशिरा येण्याचं ऑफिसला कळवलं आणि सकाळी त्याला डायलिसिसला सोडलं. परत फिरलो तर गाडीत त्याची शाल राहिलेली. तिथे आत गार असतं. ती घेऊन वर गेलो. काचेच्या दारातून ओळीनं खाटा दिसत होत्या, सगळे डोळे मिटून पडलेले, आणि एक माझा मित्र जागा. एक हात मशीनला लावलेला, दुसऱ्या हातात फोन, कानात वायरी. फोनच्या पडद्यावर आमच्या टीमचा रंग मी लांबूनही ओळखला. तो कुणावर तरी चिडला होता आणि ओठ हलवत होता. बहुधा कोचवर.

मी शाल सिस्टरकडे दिली आणि जिना उतरलो. आधी मला रागच आला. महिनोन् महिने हा माणूस मला मूर्ख बनवत होता आणि वर कोच म्हणवून घेत होता. मग गाडीत बसल्यावर डोकं चालू लागलं. त्याची भाकितं सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारीच खरी ठरत होती. बाकीच्या दिवशी वहिनी त्याला सकाळी झोपू द्यायच्या आणि फोन स्वतःकडे ठेवायच्या. त्या संध्याकाळी तोही माझ्यासारखाच चुकायचा.

पण मग तीच मॅच संध्याकाळी पुन्हा कशाला पाहायची? पराभवसुद्धा दोनदा? आमची टीम काही अशी नाही की तिचा एकच खेळ दिवसातून दोनदा पाहावा. याचं उत्तर मला हडपसरच्या पुढे ट्रॅफिकमध्ये मिळालं आणि ते मिळाल्यावर बरं वाटलं नाही. सकाळीच पाहिली असं तो म्हणाला असता, तर मी संध्याकाळी कशाला गेलो असतो? गेलो असतो तर तब्येत विचारायला. तेवढं त्याला नको होतं.

संध्याकाळी त्यानं दारात विचारलं, "ऐकला न्हाईस ना?" मी म्हटलं, "छे, तू?" तो म्हणाला, "मला कोण सांगणार?" मी पेपर धरून टीव्हीसमोर उभा राहिलो.

त्या वर्षी आमची टीम रडतखडत बाद फेरीत पोचली. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण आम्ही दोघंही दमलो होतो. तो आता खुर्चीत बसत नसे, पलंगावर उशीला टेकून पाहायचा. पाय सुजलेले. मध्येच डोळा लागायचा, मग जागा होऊन विचारायचा, "पुढं का आपण?" रिमोट त्यानं कधी कुणाच्या हातात दिला नव्हता, तो एक दिवस त्यानं माझ्याकडे सरकवला. मी घेतला.

सात मॅचची मालिका तीन-तीन अशी झाली. सातवी मॅच बुधवारी होती. जिंकलो तर पुढे, हरलो तर ऑक्टोबरपर्यंत काही नाही. सोमवारी सहावी मॅच बघून निघालो तेव्हा वहिनी मला सोडायला लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्टचं बटण दाबून म्हणाल्या, "भाऊजी, बुधवारी हरले तर नंतरही तुम्ही येणार ना? नाही म्हणजे, मॅच नसली तर ते कुणालाच येऊ देत नाहीत. परवा सख्ख्या बहिणीला झोपलोय म्हणून सांगायला लावलं. आणि संध्याकाळी तुम्ही यायचे म्हणून तरी सकाळी उठून डायलिसिसला जातात. आता नको म्हणायला लागलेत."

"येईन ना," मी म्हटलं. कसा ते मलाही माहीत नव्हतं.

बुधवारी मी ऑफिसात खाली मान घालून वावरलो, पण लिफ्टमध्ये आमच्या सेक्शनमधला एक पोरगा फोनवर कुणालातरी सांगत होता, "अरे, लास्ट मोमेंटला दोन्ही फ्री थ्रो मिस केले यार त्या बुढ्ढ्यानं, रिटायर हो ना आता." मला कानात बोटं घालायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे हरलो. डावखुऱ्यानं हरवलं. मी जागेवर जाऊन बसलो आणि समोरच्या पडद्यावर काय आहे ते बराच वेळ मला कळलं नाही. टीमचं दुःख मला होत नव्हतं. तिचं दुःख करून करून मी कंटाळलो होतो. संध्याकाळी त्याच्याशी काय बोलायचं, एवढंच डोक्यात होतं. तो सगळं सकाळीच पाहून बसलेला असणार. सीझन संपला हे त्याला माझ्याआधी कळलेलं असणार.

संध्याकाळी त्यानं पलंगावरूनच विचारलं, "ऐकला न्हाईस ना?"

"नाही," मी म्हटलं. या घरात मी पहिल्यांदाच खोटं बोललो.

मी एका हातात पेपर आणि दुसऱ्या हातात रिमोट घेऊन स्वतःच मॅच लावली. तो फारसं काही बोलत नव्हता. मला वाटलं, निकाल माहीत आहे म्हणून. एकदा मी विचारलं, "आता टाइमआउट घेईल का?" तर म्हणाला, "काय की." शेवटच्या मिनिटात आमची टीम एका गुणानं मागे होती. डावखुरा बॉल घेऊन आत घुसला, या वयात, दोघांच्या अंगावर आपटत, आणि शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे; दोन्ही पडले तर जिंकलो.

माझा मित्र उशीवरून उठून बसला. कसा बसला कोण जाणे. त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "दोन्ही टाकणार. लिहून घे. तो चुकत न्हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो नाटक करत नव्हता. डोळे टीव्हीवर, श्वास वर-खाली, हात गार. बुधवार होता, आणि त्याला माहीत नव्हतं. म्हणजे सकाळी मशीनला लावलेल्या अवस्थेत तो आमची सातवी मॅचही पाहू शकला नव्हता. शेजारच्या खाटांवरच्या माणसांसारखा डोळे मिटून पडला असणार, फोन उशाशी.

डावखुरा रेषेवर आला. त्यानं बॉल जमिनीवर आपटला, नेहमीसारखा, आणि वर पाहिलं. मी रिमोटचं बटण दाबलं. चित्र थांबलं.

"काय झालं?"

"नेट गेलं बहुतेक," मी म्हटलं. "येत नाहीये. राहू दे, उरलेलं उद्या बघू."

टीव्हीच्या वर भिंतीला राउटर लावलेला होता. त्याचा हिरवा दिवा लागलेलाच होता. मित्रानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रिमोटकडे. मग हळूच मागे उशीला टेकला. मी त्याच्या पायावर पांघरूण ओढलं.

"उद्या लवकर ये मग," तो म्हणाला. "आणि वाटेत कुणाकडून ऐकू नको."