पोल्ट्रीतलं काळं गाणं

काळे कपडे, डोळ्यांत भरपूर काजळ, काळं नेलपॉलिश आणि अंधाराची गाणी, याला जगात गॉथ म्हणतात. आमच्या टोकावड्यात याला "हिला काय झालंय?" म्हणतात. स्टँडवरच्या मावशा तर तोंडावर म्हणायच्या, "यंदा तुझी संक्रांत लय लांबली गो!" मी हसून सोडून द्यायचे, पण आतून अश्शी चिडायचे! मला ते कपडे खरंच आवडत होते. अधूनमधून मला दिवसचे दिवस काहीच नको व्हायचं. जेवण नको, माणूस नको. तेव्हा कानात ती संथ, जड गाणी लावली की वाटायचं, चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे. तेवढ्या बळावर मी उठून आंघोळीला जायचे.

या वेडात माझी एकच जोडीदारीण, वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतली कॉलेजची मैत्रीण. तिचा आवाज असा खर्जातला, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. मी कल्याणहून जुनी बेस गिटार आणली होती. दोघींनी मिळून गाणं रचलं. 'अंधारा, मला पोटाशी घे' अशी त्याची सुरुवात आणि शेवटही तोच. गाणं जमलं होतं, पण घरात म्हटलं की आरतीची तालीम चालल्यासारखं वाटायचं. त्याला घुमायला जागा हवी होती.

ती जागा आमच्या दारातच निघाली. बाबांची पोल्ट्री आहे. कोंबड्यांची एक बॅच गेली की शेड धुवायची, चुना मारायचा आणि पुढची पिल्लं येईपर्यंत ती रिकामी ठेवायची. मी आत झाडू मारत होते आणि चुन्याने मला सणसणीत शिंक आली. अगं आई गं! पत्र्याखालून ती शिंक लांबवर गेली, फिरली आणि परत माझ्याकडे आली. मी झाडू टाकून नाचायलाच लागले. मैत्रिणीला फोन लावला आणि ओरडले, "स्टुडिओ मिळाला गो!" ती नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली होती. पुढच्या वेळी शेड रिकामी होईल तेव्हा ती इथे नसणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

बाबा ऐकायला तयार नव्हते. "मयताची गाणी माझे शेडमधी नकोत," म्हणाले. "पिल्लं यायचीत." मी भांडले, रडले, रुसून बसले, भांडी आदळली. शेवटी ते म्हणाले, "पिल्लांची गाडी यायच्या आधी काय ते उरका. मी भायेरच हाय." त्या दिवशी त्यांना मुरबाडला जायचं होतं, ते त्यांनी रद्द केलं. मी इतकी खुशीत होते की ते का थांबले, हे विचारायचंही सुचलं नाही.

फोनवर रेकॉर्डिंग लावलं. पहिल्यांदा एसटीचा हॉर्न मधे आला. दुसऱ्यांदा मैत्रीण माझं काजळ ओघळलेलं बघून फिस्सकन हसली. तिसऱ्यांदा मात्र, काय सांगू! मी तार छेडली तशी छातीत धडधड सुरू झाली, आणि तिच्या खर्जात मिसळून माझा आवाज सगळी शेड भरून राहिला. आमच्या दोघींच्याच गळ्यातून एवढं निघतंय यावर विश्वास बसेना. शेवटचा सूर संपला की तो पुरता विरेपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं होतं. मी तारांवर हात दाबला. दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो.

धाडकन दार उघडलं. बाबा अनवाणीच आत धावत आले.

"काय झाला? गप्प का झालात?"

"बाबा! घालवलंत ना सगळं!" मी किंचाळले. "तुमाला जरा दम धरवत नाय?"

ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पोल्ट्रीवाल्याचा कान सतत शेडकडे असतो. पिल्लांचा चिवचिवाट चालू आहे तोवर सगळं ठीक. शेड एकदम गप्प झाली, की मालक ताटावरून उठून पळतो, कारण आत काहीतरी अघटित घडलेलं असतं. त्या दिवशी शेडमध्ये एकही पिल्लू नव्हतं. आत मी होते.

"अंधारा, पोटाशी घे, असा म्हनलीस," बाबा म्हणाले, "आन् मंग तुझा आवाजच बंद झाला गो." माझा सगळा राग जागच्या जागी जिरला. इतके महिने हा माणूस माझे काळे कपडे बघून मनात काय धरून बसला होता, ते मला तेव्हा कळलं.

"बाबा, मला वाईट वाटतं ना, तेव्हा मी हे म्हणते. म्हटलं की बरं वाटतं. खरंच. तुमची शप्पथ."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. मैत्रीण खाली मान घालून उभी होती. बाबा म्हणाले, "मंग परत म्हना."

मी फोनवर रेकॉर्डिंग पुन्हा चालू केलं. बाबा बाहेर जातील म्हणून मी थांबले. ते गेले नाहीत. कोपऱ्यातली बादली उपडी घालून माझ्यासमोर बसले.

"मी हितंच बसतो," म्हणाले. "मंग कितीबी गप्प ऱ्हा."