एक दिवसाआडचा ताप

डॉर्कसमावशी माझी सख्खी मावशी नव्हती. लिव्हरपूलच्या गोदीमागे तिचं अरुंद, तीन मजली घर होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परतणारे आम्ही खलाशी दोन सफरींमधले दिवस तिथेच काढायचो. तिचा नवरा एनॉक बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा. एकोणीसशे अकरा साली तो आफ्रिकेहून घरी आला आणि दहा दिवसांनी तापाने पडला. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, गरम सूप द्या. सहा दिवस तिने सूप भरवलं. सातव्या दिवशी एनॉक उठलाच नाही. समाचाराला आलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाने हळूच विचारलं, "अंग आधी थंडीने कापायचं का गं? मग तापायचं?" तिने मान डोलावली. "फ्लू नव्हता गं तो," टोपी हातात फिरवत तो म्हणाला.

हे मला फार उशिरा कळलं. माझी ओळख झाली ती कोणी नुसतं शिंकलं तरी "कुठून आलास? किती दिवस झाले?" असं दरडावणाऱ्या बाईशी.

सव्वीस सालचा नोव्हेंबर होता. नायजर नदीच्या मुखावरून परत येऊन मला तीन आठवडे झाले होते. दुपारी चार वाजता चहा पिताना एकाएकी हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, पलंग खडखडू लागला. मग अंगाची भट्टी झाली आणि छतावरच्या ओलीच्या डागाची नदी होऊन वाहू लागली. दोन्ही काठांना खारफुटी, पाणी चहासारखं तपकिरी. माझे वडील वेल्समधल्या खाणीत वारले होते, त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण ते सावकाश होडी वल्हवत होते. कोणीतरी विचारत होतं, "पुढे काय दिसतंय, आयवर?"

"संत्री. एक बाई होडीतून संत्री विकतेय."

"घे मग एक."

मी घेतलं. कपाळावर गार फडका होता आणि मावशी उशाशी विणत बसली होती. धुक्यात बोटींचे भोंगे वाजत होते. ते मला पाण्याखालून ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत! बूट घालायला लागलो, तर मावशी दारात आडवी.

"उद्या चारला परत पडशील. बस खाली."

तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला पलंग पुन्हा खडखडला. नवीन डॉक्टर आले होते, पोरगेलेसे. "फ्लूच आहे बाई. सगळ्या गल्लीत आहे."

"हा कुठून आलाय, विचारलंत?"

"तुमच्याच घरी राहतो ना?"

"माझं घर म्हणजे काय नायजर नदी आहे का?" मावशी कडाडली. "मंगळवारी ताप, बुधवारी नाही, आज गुरुवारी पुन्हा! एक माणूस मी सूप पाजून पाजून घालवलाय, डॉक्टर. आता याच्या रक्ताचा थेंब तपासल्याशिवाय तुम्हाला जिना उतरू देणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. पण भला माणूस. त्यांनी माझं बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला आणि ती काच घेऊन स्वतःच बंदराच्या दवाखान्यात गेले. तासाभराने धापा टाकत परतले ते क्विनाइन घेऊनच. "मलेरिया," म्हणाले. मग मावशीकडे वळून, "मी विचारायला हवं होतं."

"बसा," ती म्हणाली. "चहा घ्या."

क्विनाइन कडूजहर. त्याने कानांत आठवडाभर घंटा वाजत होत्या. त्या घंटांखालून नदी हळूहळू आटली आणि छतावर नुसती ओल उरली. खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

बरा झाल्यावर मी मावशीला तिथली एक खाडी ओहोटीला कशी दिसते ते सांगत होतो. तिने मला मध्येच थांबवलं. "तिथे डाव्या हाताला पडका धक्का आहे. त्यावर बगळे बसतात." ती लिव्हरपूलच्या नदीपलीकडे भरणाऱ्या जत्रेपुढे कधी गेली नव्हती. पण पंधरा वर्षं तापलेल्या माणसांच्या उशाशी बसून तिने सगळा किनारा ऐकला होता.

"एकदा चल ना माझ्याबरोबर," मी म्हणालो. "कप्तानाला सांगतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तिने सुया थांबवल्या. खिडकीबाहेर धुक्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणते.

"वेडा की काय!" ती म्हणाली. "केवढे डास असतात तिथे!"