दाराची साखळी

माझ्या चुलत नणंदेचं दार जर्मनीत साखळीपुरतंच उघडलं होतं. ती साखळी मी विसरले नाही, विसरायची इच्छाही नव्हती.

नवऱ्याच्या नोकरीपायी दिग्रसहून तिथे गेले, तेव्हा त्या शहरात आपलं म्हणावं असं तिचंच एक घर होतं. दिवस जाता जात नसे. एका रविवारी पातोडीची रस्साभाजी केली, डबा भरला आणि ट्रामने तिच्याकडे गेले. दिग्रसला कोणाकडे जायचं तर चपला घालायच्या नि निघायचं, एवढंच मला ठाऊक. तिने फटीतून आधी डब्याकडे पाहिलं.

"फोन केला होता का? इथे असं कोणी कोणाकडे जात नाही. कॅलेंडर पाहून सांगते."

दार लागलं आणि आतल्या पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं. ट्रामच्या थांब्यावर बसून ती गार भाजी मी एकटीने खाल्ली आणि रडले. रडता रडता तिचं वाटोळं चिंतलं, खोटं कशाला सांगू.

तिचं कॅलेंडर काही पाहून झालं नाही. मी मात्र शिकले. साध्या चहासाठीही आठवडाभर आधी विचारायला लागले. पुढे सासऱ्यांना कापसाच्या जिनिंगचा व्याप झेपेना म्हणून आम्ही परत आलो, तेव्हा दिग्रसच्या घराच्या पुढच्या दाराला मी आधी साखळी बसवून घेतली. लोक हसले. हसू दे.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी कडी वाजली. घरी मी एकटीच. दारात तीच नणंद, जर्मनीहून सुटीवर आलेली; यवतमाळच्या एसटीतून उतरून थेट इथे, हातात बॅग. मी साखळीपुरतं दार उघडलं.

"फोन केलता काय, ताई? कॅलेंडर पाहून सांगते."

"अवं, काय करून राह्यली तू? ऊन लागून राह्यलं मले. आपल्याच घरी येयाले कायले फोन?"

"मीबी आपलंच घर समजून आलती."

तिचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं! दार लावून मी हसले, तिला ऐकू जाईल असं.

शेजारच्या काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. "या बाई, माह्याकडं या," म्हणत त्यांनी तिला घरात नेलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला. येऊ दे, म्हटलं. नणंदेचं मला आजही काही वाटत नाही.

पण या काकू रोज संध्याकाळी मागच्या दाराने, हाक न मारता आत यायच्या. कधी विरजणाला, कधी नुसत्याच. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यांचा फोन आला.

"विरजण पाह्यजे होतं. येऊ काय? तुह्या कॅलेंडरात पाहून सांग."

थट्टा करत असतील म्हणून मी हसायला गेले. त्या हसल्या नाहीत. आपल्या ओट्यावर उभ्या राहून बोलत होत्या, त्यांचा आवाज मला फोनमधून आणि भिंतीवरून, दोन्हीकडून ऐकू येत होता. माझं मागचं दार उघडंच होतं.